फुटा, पण प्रबंध लिहून फुटा

हल्ली आमदार फुटले की सुरत गाठतात, तिथून गुवाहाटी. पूर्वीचे आळंदीला जात. 1948 साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी काँग्रेस सोडायचं ठरवलं ते आळंदीत, आमच्या भोसरी-चाकणच्या शेजारी. ना चार्टर्ड विमान, ना पंचतारांकित मुक्काम. फेस तेव्हा भाषण करून वक्त्यांच्या तोंडाला यायचा, इंद्रायणीला नाही.

काँग्रेस भांडवलदारांच्या कह्यात गेली, ही त्यांची तक्रार. आधी पक्षातच शेतकरी कामगार संघ काढला, मग उंबरठा ओलांडून शेतकरी कामगार पक्ष. पुढे 1950 मध्ये दाभाडीला बसून चक्क प्रबंध मंजूर केला, मार्क्स-लेनिनसकट. पक्षांतरबंदी कायदा 1985 चा, म्हणजे दोन तृतीयांश डोकी मोजायचीही सक्ती नव्हती. तरीही फुटण्याआधी आणि फुटल्यावर विचार करायचा, हा वेडेपणा त्या पिढीला परवडत होता. आता ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ एवढ्या दोन शब्दांत सगळा प्रबंध उरकतो.

अर्थात प्रबंध असला म्हणून माणसं टिकतातच असं नाही. पक्ष पुरेसा डावा नाही म्हणून दत्ता देशमुख बाहेर पडले, क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट झाले आणि 1954 मध्ये जेधे पुन्हा काँग्रेसवासी. मोरेही त्याच वाटेने. सांगोल्याचे गणपतराव देशमुख मात्र अकरा वेळा आमदार झाले, तेही त्याच पक्षातून. अशा माणसाचं आजच्या राजकारणात काही खरं नाही.

आमच्या पिंपरी-चिंचवडला हा लाल बावटा जोरात फडकलेला दिसला तो 2014 मध्ये. चिंचवडचे तेव्हाचे अपक्ष आमदार लक्ष्मण जगताप मावळ लोकसभेला शेकापचे उमेदवार झाले, वर मनसेचा पाठिंबा. भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांना हा प्रकार लगेच कळला: जॉबवर्क. माल दुसऱ्याचा, शिक्का तेवढा आपला. साडेतीन लाखांवर मतं घेऊन ते दुसरे आले. एप्रिलमध्ये मार्क्स, ऑक्टोबरमध्ये कमळ. त्याच वर्षी ते भाजपचे आमदार झाले.

तिसरे आले राष्ट्रवादीचे राहुल नार्वेकर, नुकतेच शिवसेनेतून आलेले. पुढे भाजपमध्ये जाऊन ते विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी 2024 मध्ये खरी शिवसेना कोणती, याचा निकाल त्यांनीच दिला. अनुभवी माणूस हवाच अशा कामाला. जिंकलेले श्रीरंग बारणे शिवसेनेतच राहिले. कोणत्या, ते नार्वेकरांनी सांगितलं.

या सगळ्यात पक्षाच्या नावातला कामगार कुठे आहे? तळेगाव-चाकण रस्त्यावर, शिफ्टच्या बसमध्ये, कंटेनरच्या मागे. लाइन तीच, मशीन तेच, सुपरवायझरच्या शिव्या त्याच. मधूनच गेटपासवर ठेकेदाराचं नाव तेवढं बदलतं. मध्ये ब्रेक, मग पुन्हा नवा नंबर आणि सर्व्हिस शून्यापासून. आमदार एकदा पक्ष बदलतो आणि मंत्री होतो. हा गडी सारखा ठेकेदार बदलतो आणि हेल्परच राहतो. त्याच्या अपात्रतेची सुनावणी महिनोन्महिने चालत नाही. गेटवर कार्ड पंच झालं नाही की निकाल लागला.

तेव्हा आमची एक नम्र सूचना. अध्यक्षांच्या निकालाचं सार एवढंच, की आमदारांचं बहुमत ज्याच्याकडे, पक्ष त्याचा. हाच न्याय चाकणला लावा. एखाद्या प्लांटमधल्या बहुसंख्य कंत्राटी पोरांनी सही करून कळवावं की मूळ कंपनी आम्हीच. मालक पाच-सहा जण, त्यांचा तो फुटीर गट. नाव, लोगो, कॅन्टीन आमच्याकडे द्या. कायद्याचा कीस काढणारे वकील मिळतील, प्रबंधाचीही गरज नाही. सुनावणी होईपर्यंत गेटपास तेवढा चालू राहायला हवा.