शरदातील मुलूखगिरी

आश्विन सरत आला, खाचरांतले इंद्रायणी भात पिवळे पडले, की घोटावडे फाट्यावरील वडापावच्या गाडीभोवती पुणेकर दुर्गयात्रींचा दरबार भरतो आणि मुक्कामाच्या जागेचा असा काही खल होतो, की हे गड ज्यांनी बांधले त्यांनीही स्थलाची इतकी चिकित्सा केली नसेल. तिकोन्याचा चढ उभा, घनगड आडबाजूला, कोरीगडावर गर्दी; सबब सर्वानुमते फैसला होतो तो मुळशी जलाशयाकाठच्या तंबूचा, कारण तेथे मोटार थेट दारात जाते. ज्या धरणात जमिनी बुडू नयेत म्हणून मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, त्याच धरणाकाठी हे गिरिवीर, तंबूतून पाणी पुरेसे दिसत नाही, अशी तक्रार रीतसर गुदरतात.