हेदवीच्या वाटेवरचा वास

संकष्टीच्या दिवशी, हेदवीच्या दशभुज गणपतीला निघालेल्या गाडीत नासलेल्या अंड्याचा वास यावा, याहून मोठं धर्मसंकट मामींवर आलेलं नव्हतं. खंबाटकी चढताना त्यांनी नाकाला पदर लावला आणि साताऱ्यापर्यंत सगळ्यांचे डबे तपासून काढले. माझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी निघाली. तरी संशय माझ्यावरच राहिला. मी पुण्यात एकटा राहतो ना!

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा केव्हाचा जळत होता. मामांनी त्यावर गणपतीचा स्टिकर चिकटवला होता. अ‍ॅव्हरेज मात्र ते वहीत नेमाने लिहीत. ते सतरावरून तेरावर आलं, तेव्हा त्यांनी आधी पेट्रोलपंपाला आणि मग मामींच्या लोणच्याच्या बरण्यांना दोषी ठरवलं.

पाटणला गाडी उभ्याउभ्या थरथरू लागली आणि सायलेन्सरमधून काळा धूर आला. समोरच गॅरेज होतं. तिथल्या पोराने स्टिअरिंगखाली स्कॅनर खोचला. "पी ०१३१. पुढचा ऑक्सिजन सेन्सर."

"गाडीला ऑक्सिजन? अतिदक्षता विभाग आहे का हा?" मामा उखडले.

पोरगा शांत. हा सेन्सर बसतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत. घास न घेता नुसत्या वासावरून मीठ सांगणाऱ्या आत्येसारखा, जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो हुंगतो. उरला जास्त, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. उरला कमी, तर ०.९ च्या. तेवढ्यावर कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. १९७६ साली व्होल्वोने बॉशचा सेन्सर गाडीत बसवला. मामांना त्याची वार्ता पाटणला लागली.

"मग बदल की," मामा म्हणाले.

"थांबा की काका. ह्यो खोटं बोलतोय का खरं, आधी बघू. नळीला भोक असलं तरी बाहेरची हवा आत ओढून सेन्सर फसतोय. वायर तुटली तरी हाच कोड. सेन्सर बदलून गिऱ्हाइकाचं पैसे जातात आणि दिवा तसाच."

हे ऐकून मामांना तो पोरगा एकदम सज्जन वाटू लागला. त्याने सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबून धरलं, बोनेटखाली कान लावला. कुठे फुसफुस नाही. वायरी शाबूत. मग रेस दिली. पेट्रोल वाढलं की आकडा ०.९ कडे उडी मारायला हवा होता. तो ०.१ वर ठाण मांडून बसला. म्हणजे हे महाशय दिवसभर "पेट्रोल कमी, पेट्रोल कमी" ओरडत होते आणि कॉम्प्युटर बिचारा ओतत होता. त्या जादा पेट्रोलनेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून मामींचा अंड्याचा वास काढला होता.

"किती पळाली गाडी?"

"एक लाख चाळीस हजार."

"मग वय झालंच की त्याचं. असंच चालवलं असतं, तर कन्व्हर्टर जळाला असता. त्याच्या किमतीत असले सेन्सर ढीगभर येतील. आणि काका, हा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र जागेवर थांबायचं, हेदवी-बिदवी काही नाही."

नवा सेन्सर कराडहून एसटीने आला. जुना २२ च्या पान्याला दाद देईना. इंजिन गरम करून, तेल सोडून, दोघे लोंबकळले तेव्हा निघाला, टोक काजळीने काळंकुट्ट. तो पुरावा म्हणून मामींच्या हाती दिला. त्यांनी हुंगून पाहिला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "असेल बाई."

कुंभार्ली घाट गाडी मुकाट उतरली. चिपळूणला, मुदत शिल्लक असताना, मामांनी पीयूसी करून घेतली आणि चंद्रोदयाच्या आत हेदवी गाठून तो कागद दूर्वांबरोबर देवापुढे ठेवला. गुरुजींनी कागद पाहिला, नवी गाडी समजले, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.