किल्लीदार

अर्नाळ्याच्या किल्ल्याला आता किल्लेदार नाही. आगाशीत आमच्या आळीला मात्र किल्लीदार आहे. चर्चगेटच्या हापिसातून निवृत्त झालेले हे गृहस्थ. विरार फास्टच्या चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून त्यांनी वर्षानुवर्षं लिनक्सची मॅन्युअलं वाचली. त्यामुळे ज्ञान पक्कं आणि कंबर कामातून गेलेली. त्याच कमरेला जुडगा: विहिरीवरच्या पंपाच्या खोलीची किल्ली, वाडीच्या फाटकाची, कपाटाची आणि त्यांच्यातच ओवलेला एक पेनड्राइव्ह. कुणाचा कॉम्प्युटर रुसल्याचं कानावर आलं की ताटावरून उठून येतात. नीट चालू आहे असं कळलं तरी येतात.

ऑक्टोबर 2025मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज दहावरचा हात काढून घेतला आणि अकरासाठी माझा लॅपटॉप म्हातारा ठरला. मी भंगारवाल्याला विचारलंही होतं. हे धावत आले. "भंगार? अहो, याच्यात अजून दहा वर्षं आहेत!" (माझ्यात आहेत का, ते कुणी विचारलं नाही.) लिनक्स चढवलं, त्यावर गनोमचा डेस्कटॉप लावला, आणि मला कंटाळा आला तर असावा म्हणून केडीई प्लाझ्माही. चाळीस वर्षांच्या संसाराचा कंटाळा येऊ न दिलेला माणूस मी, डेस्कटॉपचा कसला येतोय!

परवा वीजबिलाची शेवटची तारीख. लॉगिन करताना कोपऱ्यातल्या त्या दातेरी चक्रावर कुठेतरी बोट पडलं आणि प्लाझ्मा उघडला. ब्राउझर तोच, पण ओळखच दाखवेना. साठवलेला एकही पासवर्ड जागेवर नाही.

किल्लीदार आले. चहा बाजूला सारला, कारण चहा घेतला की निदान घाईत होतं, असं त्यांचं मत.

"एका घरात दोन जावा," त्यांनी सुरुवात केली. "थोरली केडीई, 1996ची. धाकटी गनोम, 1997ची. थोरलीच्या रुखवतात क्यूटी नावाचं सामान होतं, त्याच्या परवान्यावरून भांडतच धाकटी घरात आली. थोरलीचं फडताळ म्हणजे केवॉलेट, धाकटीचं गनोम कीरिंग. ब्राउझर हा गडी. आज घरात कुणाचं राज्य आहे ते बघतो आणि तिच्याचकडे किल्ली मागतो. तुमची ठेव धाकटीकडे, आणि आज तुम्ही थोरलीच्या दारात उभे."

"आणि दोघीही घरात नसल्या तर?"

"मग गडी बेसिक म्हणून एका जागी ठेवतो. म्हणजे फडताळ आहे, कुलूप नावाला."

इतकं स्वच्छ मला माझ्या घरातलंही कुणी समजावलेलं नाही. मी म्हटलं, चला तर धाकटीकडे. पण जाता जाता त्यांना माझा लॉगिनचा पासवर्ड पाच अक्षरी असल्याचं दिसलं. "याच्यात काही दम नाही," म्हणून काळ्या पडद्यावर त्यांनी तो बदलला आणि आम्ही गनोममध्ये शिरलो. तिथे समोर एक चौकट: किल्ल्यांचा जुडगा उघडला नाही, पासवर्ड द्या. नवा दिला. नाही.

किल्लीदारांचा चेहरा असा उजळला, जसं अंगणात भरपूर सुकेळी वाळत घातल्यावर कडक ऊन पडावं. "हे कुणीतरी रूट, म्हणजे घरचा मालक, होऊन बदललंय! तसा बदलला की लॉगिनचा पासवर्ड नवा होतो, कीरिंगचं कुलूप जुन्याच किल्लीचं राहतं!"

"कुणी बदललंय?"

"मीच की!" तेही कौतुकानं.

मी गुपचूप जुना पासवर्ड टाकला. सगळं उघडलं. बिलाचं पान समोर, पैसे भरायचं बटण समोर. किल्लीदारांचा चेहरा उतरला. "हे तात्पुरतं आहे हो," म्हणत त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "दोन्ही फडताळांना लॉगिनचाच पासवर्ड लावू, म्हणजे आत शिरताना आपोआप उघडतील. दोन मिनिटं."

बारा वाजून दहा मिनिटांनी फडताळं उघडली. बिलाची तारीख तेव्हा दहा मिनिटांपूर्वीच उलटली होती.

सकाळी बिलभरणा खिडकीवर गेलो. रांगेत माझ्यापुढे किल्लीदार, हातात पंपाचं बिल आणि मोजून घडी केलेल्या नोटा.

"तुम्ही इथे?"

"काल रात्री आमच्याकडे एक्सएफसीई टाकलं," ते म्हणाले. "तिसरी जाऊ."