सातमाशांचं टोपरं : नियम व पोटनियम

जानेवारी लागला की परतवाड्यात थंडी चिखलदऱ्यावरून उतरते आणि आमच्या नणंदबाई अमरावतीच्या बसमधून. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जाहीर केलं, "वयनी, यंदा वाटीचमचे लुटाचे नाई. दिवस भराच्या आंधी आलेल्या लेकरायले टोपरे देऊ." संक्रांतीचं वाण असं दवाखान्यात गेलं. अनुभवांती सिद्ध झालेले नियम पुढीलप्रमाणे.

नियम 1. आधी दवाखान्यात विचारावे. किती हवीत, कोणत्या मापाची, मुळात हवीत का. पेटीतल्या लेकराला पेटीची ऊब असते. टोपरं कधी घालायचं ते सिस्टर ठरवतात. नणंदबाईंनी न विचारता चाळीस विणली. ती आमच्या गल्लीतल्या धडधाकट नातवंडांना अगदी मापात बसली.

नियम 2. माप. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर 34-35 सेंटिमीटर असतो. बत्तिसाव्या आठवड्यात आलेल्याचा 29च्या आसपास, अठ्ठाविसाव्यातल्याचा जेमतेम 26. नणंदबाईंचा टेपवर विश्वास नाही, म्हणून परतवाडी मानक ठरवलं : मोठ्या मापाला सोललेला नारळ, लहानाला बाजारातलं सगळ्यात मोठं संत्रं. संत्र्यावर सैल पडलं तर उसवावे. माप होईस्तोवर संत्रं खाऊ नये. (हा पोटनियम आमच्या घरच्या पुरुषमंडळींसाठी.)

नियम 3. लोकर मऊ असावी. गालाला नव्हे, वरच्या ओठाला घासून बघावी. तिथे टोचली तर परत करावी. खरी लोकर गरम पाण्यात आटते, म्हणून धुण्याला टिकणारं बेबी वूल बरं.

नियम 4. रंग. संक्रांत म्हटल्यावर काळाच. शास्त्र ठीक आहे, पण काळ्या लोकरीत रात्रीच्या दिव्याखाली टाका दिसत नाही, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला तर दिवसाही नाही. काळं विणायचं तर दुपारी, अंगणात, मांडीवर पांढरा टॉवेल पसरून. रंग जातो का ते आधी ओल्या फडक्यावर बघावे.

नियम 5. कृती. 10 नंबरच्या सुयांवर 64 टाके. काठाला एक सुलट, एक उलट, म्हणजे टोपरं ताणतं आणि घट्टही बसत नाही. पुढे सगळं सुलट-उलट, दहा सेंटिमीटरपर्यंत. मग सहा विणून दोन टाके एक, पुढच्या फेरीत पाच विणून दोन एक, असं आठ टाके उरेपर्यंत; त्यांतून धागा ओवून आवळावा. शिवण बाहेरच्या अंगाला घ्यावी. लेकरू रात्रंदिवस त्याच डोक्यावर झोपतं.

नियम 6. सजावट. नाडी नाही, मणी नाही, गोंडा नाही. हलव्याचे दागिने तर नाहीच. यावर आमच्या घरी चार दिवस अबोला होता. शेवटी पांढऱ्या लोकरीचे सपाट ठिपके विणायचे ठरले. लांबून हलवाच वाटतो.

नियम 7. धुऊन, उन्हात वाळवून, पिशवीत बंद करून द्यावे. डांबराची गोळी घालू नये. तिच्या वाफेनं काही तान्ह्यांचं रक्त फुटून कावीळ होते.

नियम 8. घाई करू नये. हा नियम नणंदबाईंसाठी आहे आणि त्यांनी तो कधीच पाळला नाही. टाका गळतो, त्या पुढे जातात. "थांबाले टाईम कोनाले हाय?" म्हणतात. रात्री त्या झोपल्यावर मी चार ओळी उसवते, गळलेला टाका उचलते आणि मनातल्या मनात कुरकुरते.

पण त्यांची घाई जन्माचीच. 1954 साली अचलपुरात त्या सातव्या महिन्यात आल्या. दवाखाना नाही, पेटी नाही. सासूबाईंनी घरच्या शेतातला वेचलेला कापूस पिंजून त्यात त्यांना गुंडाळलं आणि लुगड्याच्या आत छातीशी धरून दीड महिना बसून काढला. बोगोटातल्या डॉक्टरांनी 1978मध्ये छातीशी धरण्याचा हाच उपाय सुरू केला. आता आपल्याकडेही त्याला कांगारू मातृसेवा म्हणतात, आणि त्यात लेकराच्या अंगावर लंगोट न् टोपरं एवढंच असतं.

मागच्या संक्रांतीला दवाखान्यात सेमाडोहकडची एक आई लेकराला तशीच छातीशी धरून बसली होती. पदराबाहेर फक्त काळं टोपरं, पांढऱ्या ठिपक्यांचं. नणंदबाई दारातूनच बघत राहिल्या. चांगली पाच मिनिटं. मग मला म्हणाल्या, "वयनी, तिसऱ्या ठिपक्यापाशी टाका गयला हाय."

ते टोपरं मीच विणलेलं होतं.