नेक्स्टमामा

नेक्स्टमामाचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. गल्लीनं त्याचं दुसरं बारसं केलं, ते तालमीच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा. पडद्यावर कुठलीही खिडकी उघडो आणि ती काहीही विचारो, मामाचं उत्तर ठरलेलं : "वाचत काय बसलाईस? नेक्स्ट मार!" तेव्हापासून आमच्या मंगळवार पेठेत कुणाच्याही घरी प्रिंटर आला की मामाला बोलावणं जातं. खरं तर जावं लागत नाही. खोकं रिक्षातून उतरायच्या आत मामा जिन्यात उभा असतो आणि "हळू, हळू, काच हाय आत" असं रिक्षावाल्याला बजावत असतो.

हा वाण एकट्या कोल्हापूरचा नाही. प्रत्येक कचेरीत तो एक तरी असतो, आणि त्याच्या हुद्द्याचा कॉम्प्युटरशी काडीचा संबंध नसतो. पतसंस्थेत तो वसुलीवर असतो, शाळेत तो चित्रकला शिकवतो, ग्रामपंचायतीत तो पाणी सोडतो. ओळखायच्या खुणा तीन. काम बघायच्या आधीच तो "दोन मिन्टाचं काम हाय" म्हणतो. खोकं नवंकोरं असलं तरी "ह्याला आधी कुणी हात लावला होता?" असं विचारतो. आणि पैसे घेत नाही. पैसे घेतले असते तर त्याला घालवता आलं असतं. फुकट आलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो, आणि चहा दिला की तो बसतो.

मात्र कोल्हापूरच्या मातीत हा वाण जरा जास्तच फोफावतो. यंत्र दिसलं की ते उघडून बघायची या गावाची खोड जुनी आहे. परदेशातून येणाऱ्या कॅमेऱ्यावर अवलंबून न राहता बाबूराव पेंटरांनी इथंच सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. ज्या गावात कॅमेरा घरी होतो, तिथं प्रिंटर जोडायला माहितीपत्रक वाचायचं म्हणजे कमीपणाच.

मामा उद्यमनगरात लेथवर आहे. तिथं त्याची गोष्ट वेगळी. दोन थाऊ इकडंतिकडं झालं तर जॉब भंगारात टाकतो, आणि ड्रॉइंग न वाचता मशीन चालू करणाऱ्या पोराला सगळ्या शॉपसमोर शिव्या घालतो. तोच माणूस खुर्चीवर बसून माउस हातात घेतला की वाचणं हा प्रकार विसरतो. त्याच्या लेखी लोखंड हे काम असतं आणि पडद्यावरचं सगळं बोलणं असतं. बोलण्याला मान डोलवायची, पुढं जायचं.

मी निवृत्त मास्तर. सातबारा, वीजबिल, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, अशा एकेका कागदासाठी झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून पाय दुखायला लागले, म्हणून प्रिंटर घेतला. खोकं टेबलावर आलं. थर्माकोल निघाला, प्रिंटर निघाला, वायर निघाली, सीडी निघाली. कॉम्प्युटरला जोडायची केबल काही निघाली नाही.

"ती वेगळी घ्यावी लागती, सर," मामा म्हणाला. "दुकानदारानं सांगितलं न्हाई?"

"नाही."

"मग मला का न्हाई इचारलं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मामानं घरून केबल आणली. प्रिंटरच्या पोटातल्या भगव्या चिकटपट्ट्या त्यानं हळुवार न काढता, सुताराच्या घाईनं फराफरा ओढल्या. माहितीपत्रकाची घडी झाली आणि ती चहाच्या कपाखाली गेली. सीडीचा प्रश्न आपोआप मिटला, कारण आमच्या नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नव्हती. आमच्या सौ.नं ती गच्चीवर टांगली. कबुतरं येईनाशी झाली. त्या खोक्यातली सगळ्यात आधी उपयोगी पडलेली वस्तू तीच.

"आता विझार्ड सुरू हुईल," मामा म्हणाला.

आतल्या खोलीतून आई ओरडली, "विजार? कुणाची रं?"

आईला काय सांगणार! मायक्रोसॉफ्टनं १९९१ साली 'पब्लिशर' या प्रोग्रॅममध्ये विझार्ड हा प्रकार आणला आणि विंडोज ९५ पासून प्रिंटर जोडायलाही तोच विझार्ड पुढं येऊ लागला. इंग्रजीत विझार्ड म्हणजे जादूगार. पण हा जादूगार टोपीतून ससा काढत नाही. तो सरकारी कारकुनासारखा एका वेळी एकच प्रश्न विचारतो. प्रिंटर याच यंत्राला जोडलाय की नेटवर्कवर आहे? पोर्ट कुठला? कंपनी कुठली? मॉडेल कुठलं? नाव काय ठेवायचं? नेहमीचा प्रिंटर हाच ठेवायचा का? चाचणीचं पान छापून बघायचं का? कुणाला सगळं एकदम विचारलं तर गोंधळ होतो, म्हणून ही युक्ती. माझ्यासारख्या मास्तराला ती पटते, कारण पहिलीच्या वर्गात आम्हीही हेच करतो. अडचण एवढीच, की पोरगं ऐकत असलं पाहिजे.

मामा ऐकत नव्हता. पोर्टच्या पानावर विझार्डनं जुना एलपीटी-१ पुढं केला. कोल्हापूरला समुद्र नसला तरी मामा कुठल्याही बंदरात बिनधास्त शिरतो. नेक्स्ट. बंदर चुकलंय हे मागाहून कळल्यावर यूएसबीचं निवडलं. मग आली मॉडेलांची यादी. आमच्या प्रिंटरचं नाव त्यात नव्हतं. त्या नावाच्या आगेमागे दोन-चार नंबर मात्र होते.

"हा घ्या," मामा म्हणाला. "ह्याचा चुलताच हाय. चालतंय."

चुलता चालला, पण कसा चालला! प्रिंटर घुरघुरला आणि पानं बाहेर पडू लागली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एकच ओळ, आणि त्या ओळीत बदाम, त्रिकोण आणि डोक्यावर दोन टिंबं घेतलेली इंग्रजी अक्षरं. एकेचाळीस पानं झाल्यावर सौ.नं भिंतीवरचं बटण बंद केलं.

"मामा, ही भाषा कुठली?" मी विचारलं.

"मोडी असंल," मामा गंभीरपणे म्हणाला. "पण छापतोय का न्हाई ते बघा की!"

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडीची बाडंच्या बाडं आहेत आणि ती घडाघडा वाचणारी माणसंही या गावात आहेत. या एकेचाळीस पानांपुढं त्यांनीही हात जोडले असते. दोष प्रिंटरचा नव्हता. ड्रायव्हर हा दुभाषी असतो. आपलं पान तो प्रिंटरला समजेल अशा आज्ञांमध्ये सांगतो. चुलत्याचा दुभाषी वेगळीच बोली बोलत होता, आणि आमचा प्रिंटर त्या आज्ञा म्हणजे छापायचा मजकूर समजून इमानानं छापत सुटला होता.

एवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. हा या वाणाचा दुसरा प्रकार. तो येत नाही. तो लांबून आपल्या कॉम्प्युटरात शिरतो, बाण आपोआप हलू लागतो आणि आपण आपल्याच घरात पाहुणे होतो. मामाला हे अजिबात चालत नाही. "पुण्यात बसून कोल्हापुरात नांगर धरायचा म्हणजे काय?" असं म्हणून त्यानं माउस घट्ट धरला. तिकडून भाचा ओढतोय, इकडून मामा. पडद्यावर बाणाची कुस्ती लागली. दहा मिनिटांनी ती बरोबरीत सुटली, कारण भाच्याची मीटिंग सुरू झाली.

मग मामानं नव्यानं आरंभ केला. तीनदा. विझार्ड दर वेळी तितक्याच शांतपणे तेच प्रश्न विचारत होता. शेवटी यादीत आमचा प्रिंटर, त्याची 'कॉपी १', 'कॉपी २', एक फॅक्स आणि एक पीडीएफ असं पाच जणांचं खटलं उभं राहिलं. त्यातला पीडीएफ हा प्रिंटर नव्हेच. तो पानाची फाइल करून कॉम्प्युटरातच ठेवतो. नेहमीच्या प्रिंटरची हिरवी टिकली नेमकी त्याच्यावर होती. मी सातबारा छापायला सांगितला, त्यानं मला नाव विचारलं, मी अदबीनं पूर्ण नाव लिहिलं आणि ट्रेसमोर हात पसरून उभा राहिलो.

टिकली हलवली, तरी कागद नाही. आता अडली होती रांग. कॉम्प्युटर चपळ आणि प्रिंटर संथ, म्हणून मधल्या मध्ये स्पूलर नावाचा एक कारभारी कामं रांगेत लावतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लागते तशीच ही रांग, पण पुढचा माणूस अडला की मागचा जागेवर. मुखदर्शनाची वेगळी सोय छपाईत नाही. पहिल्या जागी मामाचं ते मोडी पान अजून ठाण मांडून होतं, आणि त्याच्यामागं माझे नऊ सातबारे.

तोवर सौ.नं कपाखालचं माहितीपत्रक काढून, चहाचा गोल डाग चुकवत, शांतपणे वाचलं होतं. "यात लिहिलंय," ती म्हणाली, "की सांगितल्याशिवाय केबल लावू नका."

"वहिनी, ते नवख्या लोकांसाठी आस्तंय."

ती काही बोलली नाही. तिनं स्पूलर थांबवायला लावला, रांग रिकामी करवली, पाचही प्रिंटर काढून टाकायला लावले, पत्रकातल्या पत्त्यावरून बरोबर ड्रायव्हर उतरवून घेतला, आणि पडद्यावर "आता केबल लावा" आलं तेव्हाच मामाला केबल लावू दिली. मामा नेक्स्ट मारायला जायचा, ती "थांबा" म्हणायची आणि वाचायची. सात मिनिटांत विझार्ड 'फिनिश' म्हणाला. चाचणीचं पान पाठवलं. प्रिंटर कर्रर्र करून थांबला. दिवा लुकलुकला. कागद आला नाही.

आता पत्रकातलंही संपलं आणि पडद्यावरचंही. विझार्डच्या मते काम झालेलं होतं.

मामानं माउस सोडला. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला आणि कान झाकणाला लावला, लेथचं बेअरिंग ऐकतात तसा. खोलीत सगळे गप्प. "रोलर ओढतोय," तो पुटपुटला, "पण डाव्या अंगाला कायतरी धरतंय. पुन्हा मारा, सर." मी पुन्हा मारलं. "हाय. धरतंय." त्यानं मागचं झाकण उघडलं, दोन बोटं आत घातली, आणि वीतभर भगवी चिकटपट्टी बाहेर काढली. मघाशी ओढताना तुटून राहिलेली. ती त्याचीच चूक होती, पण चेहरा असा, की जणू कंपनीचीच चूक पकडली.

चाचणीचं पान बाहेर आलं. ठळक, स्वच्छ. मामानं ते उजेडाला धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच प्रिंटरचा एखादा मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाला, "बघा. म्हटलं न्हवतं, दोन मिन्टाचं काम हाय?"

घड्याळात पावणेतीन तास झाले होते.

तुमच्याही गल्लीत असा मामा असेल. त्याला बोलवा, त्याच्याशिवाय शेवटचा कागद बाहेर येणार नाही. पण बोलवण्याआधी केबल विकत आणून ठेवा. कोरं रीम लपवा आणि ट्रेमध्ये पाठकोरे कागद घाला. माहितीपत्रक चहाच्या कपापासून लांब, घरात वाचणारं जे कुणी असेल त्याच्या हातात द्या. आणि पट्ट्या मोजा. पत्रकात चित्र असतं, त्यात जितक्या दाखवल्यात तितक्या टेबलावर आल्याशिवाय मामाला दुसरा चहा देऊ नका.