भेंडीचे शेंडे

मी झरीचा. परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत लागतं ते गाव. त्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाची पदवी माझ्या नावावर. त्यामुळे पुण्यात मेहुणा मोबाइलवरून भाजी मागवायला लागला, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "फोन ठेवा, पिशवी द्या."

"मंडईत जाताय? जपून. पुणेकर तिला मंडई विद्यापीठ म्हणतात."

"आमचं विद्यापीठ 1972 सालचं आहे!"

"मंडई 1886 ची आहे, आत्तोबा," त्याचा सातवीतला पोरगा म्हणाला. पोराला सोबत घेतलं. त्याचं अज्ञान दूर करणं भाग होतं, आणि मला रस्ताही माहीत नव्हता.

मंडई म्हणजे मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती पसरलेले गाळे. एका गाळ्यावर भेंडी कोवळी दिसली. शेंडा मोडून पाहिला. कट्! पोराला म्हणालो, "हिचं मूळ नाव रे मार्केट. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून." कट्! "महात्मा फुले नगरपालिकेत सभासद होते ना, तेव्हा त्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. आधी शिक्षणावर खर्च करा म्हणाले." कट्, कट्! "आणि गंमत बघ, पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं याच इमारतीला नाव कुणाचं मिळालं?"

"फुल्यांचं," गाळ्यावरची मावशी म्हणाली. "आता मोडलेल्या भेंड्या तोलू का?"

खाली पाहिलं. शेंड्यांचा ढीग पडला होता. इतिहास रंगला की माझा हात थांबत नाही, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या दिवशी कळलं.

"आमच्या झरीला अशीच पारखून घेतात, मावशी."

"झरीला काय पिकतं?"

"कापूस, सोयाबीन, तूर."

"आणि भेंडी?"

"ती..." मी थोडा अडखळलो. "ती बाजारातून आणतो."

"तिथला भाजीवाला गरीब दिसतोय."

दीड किलो भरली. घासाघीस करायला तोंड नव्हतं. झटक्यात निघालो आणि मनोऱ्याला वळसा घालून चौथ्यांदा मावशीसमोरच उगवलो. चारही वेळा ती काही बोलली नाही. तिसऱ्यांदा तेवढं तिनं पोराला गाजर दिलं. शेवटी त्या गाजर खाणाऱ्यानंच मला बाहेर काढलं.

घरी बायकोनं पिशवी उपडी केली. "अहो, एकही शेंडा शिल्लक नाही! चिरायचं निम्मं काम करूनच आणलंत की." दोन दिवस भेंडीच होती. भाजी, मग भरली, मग ताकातली. मेहुण्यानं फोटो काढून सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला.

तिसऱ्या दिवशी कोथिंबिरीला मीच गेलो. चुकलेल्या विषयाला पुन्हा बसायची सवय विद्यापीठातलीच. लांबूनच मला पाहून मावशीनं भेंडीवर गोणपाट ओढलं.