ईएसपीचा काटा कसा काढावा : नवशिक्यांसाठी

आधी मनाशी पक्कं करा की गाडी आपण चालवतो, संगणक नव्हे. लायसन्स हाती पडलं की ही खात्री आपोआप होते, क्लास लावावा लागत नाही.

मग ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, बंद करायचं बटण शोधा. बऱ्याच गाड्यांत ते स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या जरा वर असतं. त्यावर मागे दोन नागमोडी रेघा सोडत चाललेली चिमुकली गाडी दिसेल. रेघांचा अर्थ विचारत बसू नका, घाटात कळेल.

नुसतं टिचकीसारखं दाबलं तर बहुधा फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं. काही सेकंद दाबून धरा. पिवळा दिवा लागला की छाती फुगवा, पण बेताने. कित्येक गाड्या ठरावीक वेगानंतर यंत्रणा परस्पर जागी करतात, आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की पहिले पाढे पंचावन्न. अमेरिकेत तर तसा नियमच आहे : बंद करायचं बटण दिलं तरी चालेल, पण गाडी पुन्हा चालू झाली की यंत्रणाही चालू.

आता शत्रूची ओळख. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने ही यंत्रणा बाजारात आणली. स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे निघालीय, हे ती सेकंदाला पंचवीसेक वेळा ताडून पाहते. मेळ बसला नाही की एकाच चाकाला ब्रेक लावते. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर पुढच्या बाहेरच्या चाकाला, नाक वळायचं सोडून सरळच निघालं असेल तर मागच्या आतल्या. इथे नवशिक्याने आपल्या पायाखाली पाहावं. ब्रेकचं पेडल एक आहे आणि ते चारही चाकांना जातं. एकच चाक निवडून ब्रेक मारणं कसलेल्या रेसरलाही जमत नाही. तुम्हाला जमत असेल तर पुढचं वाचू नये.

१९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाने अचानक अडथळा चुकवण्याच्या चाचणीत नवीकोरी ए-क्लास उलटवली. त्यावर मर्सिडीजने सगळ्या ए-क्लासमध्ये ईएसपी बसवलं. भित्रे लोक!

आपल्याकडे गाड्यांच्या सुरक्षेला स्टार देणाऱ्या भारत एनसीएपीत तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ही यंत्रणा लागतेच. म्हणजे पाच स्टारचे पेढे वाटायचे आणि पहिल्याच पावसात ताम्हिणी घाटात पिवळा दिवा लावायचा. सरावाला ती वळणं उत्तम. समोरून एसटी आली तर शिकवणी लवकर संपते.

चेष्टा पुरे, बटण असावं, असंच माझं मत आहे. चिखलात रुतलेल्या गाडीचं चाक थोडं फिरू द्यावं लागतं, आणि यंत्रणा नेमका तिथेच इंजिनचा जोर कापते. रेसट्रॅकवरही खुशाल बंद करा. पण कायमचं बंद होणारं बटण मागायचं असेल, तर आधी रस्त्याचा सातबारा आपल्या एकट्याच्या नावावर करून घ्यावा.

किनाऱ्यावर गाडी घालून वाळूत रुतलेल्यांसाठी : बटण दाबा, टायरमधली हवा थोडी कमी करा, हलक्या पायाने गाडी मागेपुढे झुलवा. तरीही निघाली नाही तर गावात ट्रॅक्टर मिळतो. मात्र त्याचा भाव भरतीबरोबर चढतो.